जोड पोतं

औषध खात्याच्या तपासनिसानं बाटली टेबलावर ठेवली ती अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तशी. मग रुमाल काढून तो तीनदा शिंकला. गोदामात पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण शिंकतो. मुळ्या, साली, वाळकी पानं यांची बारीक धूळ इथल्या हवेत कायमची मुक्कामाला असते. एरवी पैलवान म्हणाला असता, "साहेब, आमच्याकडे औषध विकत आणि सर्दी फुकट." पैलवान म्हणजे गोदामाचा हमाल, अंगानं काडीसारखा, म्हणून पैलवान. आज तो वजनकाट्याच्या मागे मुकाट उभा होता.

चिठ्ठीबाईनं चष्मा लावला. बाटली ओळखीचीच होती. बोटभर उंचीची, पांढऱ्या काचेची. तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवरचे थेंब, वर हिरव्या अक्षरांत 'संपूर्ण नैसर्गिक'. अशा हजारो बाटल्या तिच्या डोळ्यांदेखत खोक्यांत गेल्या होत्या. या बाटलीवर मात्र लेबलाच्या कडेनं कुणीतरी निळ्या पेनानं बारीक रेघा ओढल्या होत्या. एकीखाली एक. तिनं नकळत मोजल्या. सहा.

"या रेघा आमच्या नाहीत हं," मॅनेजर घाईनं म्हणाला.

"नाहीत. बाळाच्या आईच्या आहेत." तपासनीस तिशीचाही नसेल. "रोज थेंब दिले की ती रेघ ओढायची. चुकून जास्त जाऊ नयेत म्हणून. सातवी ओढायची वेळच आली नाही तिच्यावर."

मग त्यानं सांगितलं ते सगळं कामकाजाच्या आवाजात सांगितलं. चार बाळं दवाखान्यात, पाचवं हे. पाचही घरांत हेच थेंब. प्रयोगशाळेनं बाटली तपासली, तेव्हा तीत थेंबांसाठी नेहमी वापरायच्या पांढऱ्या मुळीबरोबर दुसरीच एक मुळी निघाली. दिसायला तशीच, पण विषारी. मोठ्या माणसाला एखादवेळ पचेल, तान्ह्याला नाही. बाटलीच्या बुडाशी नंबर चारशे सतरा. ही दुसरी मुळी कुठून आली आणि आणखी कुठे कुठे गेली, तेवढं त्याला हवं होतं.

"काढा बघू बाई," मॅनेजर म्हणाला. आवाजात धास्ती होती, पण धास्तीच्या खाली थोडी ऐटही होती. "साहेब, आमच्याकडे एक पोतं म्हणजे एक घाणा आणि एक घाणा म्हणजे एक नंबर. बाटलीचा नंबर सांगा, मुळी कुणी खणली ते दोन मिनिटांत सांगतो. मागे बाहेरचे पाहुणे आले होते, त्यांनी या फायलींचे फोटो काढून नेले."

हे खरं होतं. बावीस वर्षं चिठ्ठीबाई या टेबलाशी बसत होती. दारात पोतं आलं की पैलवान ते काट्यावर टाकून गेटाच्या वहीत वजन मांडणार. ती जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी घेऊन कुणी आणलं, कधी, किती किलो ते लिहिणार, पोत्यातून मूठभर माल नमुन्याच्या बरणीत भरणार आणि चिठ्ठी दोऱ्यानं पोत्याच्या तोंडाशी बांधणार. पोतं दळायला गेलं की चिठ्ठी फायलीत. तिचं अक्षर असं की छापील वाटावं. तिच्या गाठी असल्या की पोतं फाटेल पण चिठ्ठी सुटणार नाही. तिचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलंच नव्हतं.

दोन मिनिटंही लागली नाहीत. चारशे सतरा. चिठ्ठी तिनं समोर धरली.

'डोंगरावरच्या आजी. पांढरी मुळी. वजन ४० किलो.' खाली तिची सही.

"चाळीस किलो," तपासनिसानं लिहून घेतलं. "या आजी कोण?"

"आहे एक म्हातारी. गेली कित्येक वर्षं मुळ्या आणते," मॅनेजर म्हणाला. मग खांदे उडवून, "आता वय झालं. डोळ्यांना दिसतं न दिसतं. टाकलं असेल काहीतरी खणून."

"म्हणजे तिच्या चिठ्ठीचे सगळे घाणे परत बोलवावे लागतील," तपासनीस म्हणाला. " बाकीचे दुकानांत राहायला हरकत नाही."

आजी तीन तास उतरून येते, पाठीवर पोतं घेऊन. बावीस वर्षांत तिनं कधी पंचवीस किलोच्या वर माल आणला नव्हता. पाठीला जेवढं झेपेल तेवढंच ती खणते. चाळीस किलो तिच्या नावावर कसे आले, हे या गोदामात दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतलं एक आत्ता काट्याच्या मागे पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होतं.

अशा पोत्याला जोड म्हणत. दळणयंत्र चाळीस किलोचं भरलेलं पोतं घेई. अर्धं टाकलं तर नुसतं घरघरे आणि तापे. म्हणून दोन अर्धी पोती एकात रिकामी करायची. अडचण एवढीच की फायलीतल्या कागदावर नावाचा रकाना एक. पहिल्या वेळी चिठ्ठीबाईनं विचारलंही होतं, तेव्हाच्या जुन्या मॅनेजरला. तो म्हणाला होता, "बाई, यंत्राला अर्धं पोतं चालत नाही आणि कागदाला दोन नावं चालत नाहीत. ज्याचं वजन जास्त, त्याची चिठ्ठी ठेवा." तिनं ठेवली. वजनाच्या जागी चाळीस लिहिलेली नवी चिठ्ठी, मोठ्या वाटेकऱ्याच्या नावानं. छोट्याची चिठ्ठी सुटून तिच्या एप्रनच्या खिशात, त्याचा नमुना परत पोत्यात. सगळ्यांची मुळी एकच, डोंगर एकच, आणणारी माणसं डोळ्यांसमोरची. काय बिघडत होतं? इतक्या वर्षांत काही बिघडलंही नाही.

दोन महिन्यांपूर्वी डोंगरातला माल कमी पडला. तेव्हा मॅनेजरनं पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडून मुळी मागवायला सुरुवात केली. टेम्पोतून अर्धी अर्धी पोती यायची. कुणी खणली, कुठे खणली, व्यापाऱ्याला विचारलं तर तो हसून म्हणायचा, "जमिनीतच खणली हो बाई, आभाळात नाही." आणि ती अर्धी पोती जोडायलाच तर होती.

हे सगळं सांगायला एक श्वास पुरला असता. पण टेबलावर बाटली होती, आणि चिठ्ठीवर सही तिची होती.

---

आजीचा वार नेमका तोच होता. साडेदहाच्या सुमारास ती दारात आली, कपाळाला पट्टा, पाठीवर पोतं, आणि गोदामात एवढी माणसं पाहून म्हणाली, "काय गं, कुणाचं लग्न काढलंत का काय?"

तपासनिसानं तिला खुर्ची दिली. ती खुर्चीत न बसता आपल्या पोत्यावरच टेकली. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतली, प्रयोगशाळेनं ओळखीसाठी दिलेली त्या विषारी जातीची एक मुळी तिच्यापुढे धरली. "आजी, ही ओळखता?"

आजीनं पिशवी उघडायला लावली. मुळी मोडली, तुटल्या तोंडाला जिभेचं टोक लावायला गेली.

"तोंडात घालू नका," तपासनीस एकदम म्हणाला.

"मग नाकाला लावते." तिनं मोडलेलं टोक चुरडून हुंगलं आणि हात लांब केला. "ही ओल्या जागेतली. डबक्याच्या काठची. आमच्या डोंगरात ही नाहीच उगवत, तिथं पाणी ठरतं कुठे? ही तुम्हाला कुणी दिली?"

"अशीच तुमच्या पोत्यात निघाली असं यांचा कागद म्हणतो."

मॅनेजरनं चारशे सतराची नमुन्याची बरणी आणून ठेवली. आजीनं सगळी मूठ हातावर ओतून घेतली, एकेक तुकडा नखानं खरवडला. "ही माझीच. हीत काही खोट नाही."

"बरणीत मूठभर, आजी. पोत्यात चाळीस किलो," मॅनेजर म्हणाला. "वर चांगली, खाली काय होतं कुणी पाहिलंय?"

"चाळीस?" आजीनं मान वर केली. "कुणी आणले चाळीस? मी काय गाढव आहे का रे?" आणि मग ती तपासनिसाकडे न बघता, मॅनेजरकडे न बघता, सरळ चिठ्ठीबाईकडे वळली. "अगं, तूच बांधतेस ना चिठ्ठी? मला वाचता येत नाही. तूच तर म्हणायचीस, आजी, तुमचं नाव छान लिहिलंय. मग सांग की यांना."

चिठ्ठीबाईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वही ताडून बघते," ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीनंतर सांगते."

आजी तिच्याकडे पाहत राहिली. रागावून नव्हे. एखादी मुळी ओळखीची वाटावी आणि मोडल्यावर वेगळी निघावी, तसं.

---

घर दहा मिनिटांवर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. जावई दूर नोकरीला, म्हणून लेक बाळाला घेऊन आईकडेच राहायला आलेली. बाळाला सातवा महिना. नाव ठेवलेलं होतं, पण घरात सगळे ठकीच म्हणत.

लेक शिकलेली. कॉलेजात पहिल्या वर्गात आलेली पोर, पण बाळ झालं आणि तिच्या जिवाला घोर लागला. रात्री उठून ठकीच्या नाकापुढे बोट धरी. दुधाची बाटली तीनदा उकळी. आणि सगळं लिहून ठेवी: किती वाजता दूध, किती वेळ झोप, शी कशी, रडली तर किती मिनिटं. कागद म्हणून आईनंच आणून दिलेल्या चिठ्ठ्या. जोडीतून सुटलेल्या. जाड पुठ्ठा, मागची बाजू कोरी, फेकवत नसे. लेक लहान होती तेव्हा त्यांच्यावर अक्षरं गिरवायची. आता एका दिवसाला एक चिठ्ठी. दिवस भरला की चिठ्ठी दोऱ्यात ओवून दाराच्या खिळ्याला.

"बाळ वाढवतेयस की गोदाम चालवतेयस?" चिठ्ठीबाई तिला हसे. "आम्ही तुला असं लिहून लिहून वाढवलं असतं तर तू अजून रांगतच असतीस."

आज ती दारातून आली ती थेट खिळ्याकडे गेली.

"आई? एवढ्यात? जेवायला वाढू?"

"त्या चिठ्ठ्या दे. सगळ्या."

"हळू. आत्ताच झोपलीय." लेकीनं आईचं तोंड पाहिलं आणि चिठ्ठ्या खिळ्यावरून उतरवल्या. दोघी जमिनीवर बसल्या, दोरा सोडला, चिठ्ठ्या पसरल्या. लेकीच्या बाजूनं नव्हे, दुसऱ्या. चिठ्ठीबाईचं स्वतःचं छापील अक्षर वर आलं. 'पेठेतला व्यापारी. १६ किलो.' कोपऱ्यात जोडताना मांडलेला नंबर, चारशे सतरा. चाळीसातून सोळा गेले, राहिले चोवीस, आणि त्याच तारखेला गेटाच्या वहीत आजीचे चोवीस. चोवीस किलो चांगली मुळी आणि सोळा किलो देव जाणे काय. तिनं शोधत शोधत आणखी काढल्या. व्यापारी, १८. व्यापारी, १५. तेवढ्यात लेकीनं एका चिठ्ठीवर पटकन हात ठेवला.

"ही नको, आई."

"का?"

"ही नको म्हटलं ना. बाकीच्या ने."

चिठ्ठीबाईनं तिची बोटं एकेक करून उचलली, लहानपणी मुठीतली गोळी काढायची तशी. पुढच्या बाजूला 'व्यापारी, १९ किलो.' तिनं चिठ्ठी उलटी केली.

लेकीचं अक्षर बारीक, उतरतं. 'सकाळी ७ दूध. ७.३० थेंब ५ (तिसरा दिवस). ८ उलटी. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या वाटतात. ११ पर्यंत झोप नाही, हात थरथरतात. थेंब बंद. दुपारी ४ बरी. आईला सांगितलं नाही.'

दहा दिवसांपूर्वीची तारीख.

ती बाटली तिनंच आणली होती. कामगारांना मिळते, फुकट. पहिल्या दिवशीचे पाच थेंब तिनंच दिले होते, ठकीला स्वतःच्या मांडीवर आडवं घेऊन. 'माझ्या हातच्या मुळ्या आहेत, बिनघोर दे,' असंही म्हणाली होती.

"का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" लेक पुटपुटली. "तू म्हणाली असतीस, झालं हिचं सुरू. आणि... तू त्या कंपनीचं किती अभिमानानं सांगतेस. मला वाटलं, माझंच काहीतरी. बाकीची बाळं घेतातच की. मी नुसती बाटली ओतून टाकली."

"बाटली आहे?"

लेकीनं ती मोरीखालून काढून दिली. धुऊन, पुसून ठेवलेली. चिठ्ठीबाईनं ती उलटी केली. बुडाशी चारशे सतरा.

खोलीत ठकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. दोघी तो ऐकत बसल्या.

"काय झालंय, आई?"

चिठ्ठीबाईनं सांगितलं. चार बाळं, पाचवं, रेघा. जोड म्हणजे काय ते. आपण काय केलं ते. शेवटी लेक एवढंच म्हणाली, "रेघा निळ्या पेननं होत्या?"

"हो."

"मीही ओढणार होते. मग म्हटलं, चिठ्ठीवर लिहितेच आहे." ती उठली, झोपलेल्या ठकीला उगाचच उचलून खांद्याला लावलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

गेटाच्या वहीत व्यापाऱ्याची पाच पोती होती, ते चिठ्ठीबाईला पाठ होतं. चिठ्ठ्या चारच सापडल्या. तिनं सगळ्या पुन्हा चाळल्या. गादीखाली पाहिलं, डब्यामागे पाहिलं.

"पाचवी कुठेय? मागच्या महिन्यातली. तू गेल्या पंधरवड्यात लिहिली असशील. आठव."

लेकीनं मान वळवली. "एक ठकीनं चावली. दात शिवशिवतात ना तिचे. अगदी लगदा केला होता. तोंडातून काढून टाकून दिली मी."

"त्यावर काय होतं?"

"मागे? सोमवार होता."

"पुढे. पुढे काय होतं?"

"पुढचं मी कधी वाचलंच नाही, आई."

तारीख तर वहीत होती. पण त्या आठवड्यात रोज दोन दोन, तीन तीन जोडी लागल्या होत्या, आणि त्या पोत्याचा माल दोन ठिकाणी वाटून टाकल्याचं तिला अंधुक आठवत होतं. कुणाच्या नावाखाली गेला, आता तिला शपथ घालूनही सांगता आलं नसतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठीबाईला एका पोत्याचं नाव आठवत नव्हतं.

ती चपला घालू लागली तेव्हा लेक म्हणाली, "परत मिळतील का गं? तिचे दिवस आहेत त्यावर."

"नाही मिळणार बहुतेक."

"मग असू दे. ने." आणि आई जिना उतरू लागल्यावर वरून, "आई, त्या बाटलीला हात लावलायस, हात धू आधी."

---

गोदामाच्या टेबलावर तिनं चार चिठ्ठ्या निळ्या रेघांच्या बाटलीशेजारी मांडल्या आणि सगळं उभ्यानंच सांगितलं. बसली असती तर पुन्हा उठता आलं नसतं. चाळीस वजा सोळा. गेटाची वही पैलवाननं न सांगता आणून उघडून दिली आणि म्हणाला, "पोती मी ओतली, साहेब. एकट्या बाईंनी नाही." त्याचं हे वाक्य इतकं अचानक आलं की तोच दचकला.

मॅनेजर आधी हसला. "बाई, घरी तान्हं बाळ आहे, झोप होत नसेल. काहीही काय बोलता? साहेब, या जुन्या बाई आहेत, मायेपोटी म्हातारीला वाचवायला बघतायत." मग त्याचं हसणं आटलं. "हे घरी नेलेले कागद आहेत. यांना काय किंमत? आमची फाइल ही."

"फायलीतलं अक्षर कुणाचं?" तपासनिसानं विचारलं.

"बाईंचं."

"आणि हे?"

मॅनेजरनं फाइल मिटली.

तपासनिसानं चिठ्ठ्या उलटल्या. मागची बाजू वाचू लागला. एक वाचली, दुसरी वाचली. तिसरी त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्याचं नाक गळत होतं, रुमाल हातातच होता.

"हे बाळ कसं आहे?"

"बरी आहे. तिच्या आईनं तिसऱ्याच दिवशी थेंब बंद केले."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणी नाही. ती बघत बसते."

त्यानं मान हलवली. "बाई, तुम्ही जे सांगितलंत ते जबाबात जाईल. त्याचा परिणाम तुमच्यावरही होईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"पाचवी चिठ्ठी?"

"नाही."

"म्हणजे ते पोतं कुठल्याही नंबरात असू शकतं."

"हो."

"मग मला सगळंच परत बोलवावं लागेल. दोन महिन्यांतला प्रत्येक घाणा. आणि इथून पुढे एक बाटलीही बाहेर जाणार नाही." तो मॅनेजरशी बोलत होता, पण पाहत होता चिठ्ठीबाईकडे. "चार चिठ्ठ्या सापडल्या म्हणून चार घाणे आजच थांबतील. बाकीच्यांना वेळ लागेल. गावोगावची दुकानं आहेत. तेवढ्या वेळात..."

मॅनेजर फोन घेऊन बाहेर गेला. जाताना फक्त म्हणाला, "साठ घरं चालतात बाई यावर. साठ." ते खोटं नव्हतं. चिठ्ठीबाईला त्या साठांची नावं येत होती.

आजी सकाळपासून पोत्यावरच बसून होती. तिला सगळं समजलं होतं की नाही कोण जाणे. तपासनिसानं सांगितलं, "आजी, तुमच्यावर काही नाही. तुम्ही जाऊ शकता."

"आणि हे?" तिनं पोत्यावर थाप मारली.

"ते आता घेता येणार नाही. सगळंच बंद आहे."

"माझं चांगलं आहे म्हणालास ना?"

"हो. पण चांगलं कुठलं नि वाईट कुठलं, ते सांगणारं इथं आता काही उरलं नाही."

आजीनं थोडा विचार केला. मग उठून पट्टा कपाळाला लावू लागली. चिठ्ठीबाई पुढे झाली, पोतं काट्यावर ठेवायला पैलवानला खूण केली. काटा तेवीसवर थांबला. तिनं कोरी चिठ्ठी घेतली, आजीचं नाव लिहिलं, तारीख, तेवीस किलो, आणि पोत्याच्या तोंडाशी आपली नेहमीची गाठ मारली.

"आता कशाला?" आजी म्हणाली.

"असू दे."

"काय लिहिलंस?"

"तुमचं नाव. आणि तेवीस."

"एवढंच ना?" आजीनं विचारलं. ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, हे चिठ्ठीबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. पैलवाननं पोतं तिच्या पाठीवर चढवलं. उतरताना तीन तास लागतात. चढताना किती, हे बावीस वर्षांत चिठ्ठीबाईनं कधी विचारलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा तपासनिसाची माणसं आली आणि पोत्यांच्या थप्प्यांना पट्ट्या चिकटवू लागली. जबाब लिहून झाला, सही झाली. तपासनिसानं चार चिठ्ठ्या ठेवायला पाकीट काढलं.

"साहेब, थोडं थांबाल का? मागचं उतरवून घेते. माझ्या लेकीला हवं आहे."

त्यानं घड्याळ पाहिलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "घ्या."

चिठ्ठीबाईनं चार कोऱ्या चिठ्ठ्या पुढे ओढल्या. या टेबलावरचं हे तिचं शेवटचं लिहिणं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिली चिठ्ठी. सकाळी साडेसहा दूध, सात ते आठ झोप, सव्वाआठला हसली. लेकीनं 'हसली' खाली दोनदा रेघ मारली होती; तिनंही दोनदा मारली. एका ठिकाणी लेकीनं एकावन्न मिनिटं झोप लिहिली होती. चिठ्ठीबाईचा हात सवयीनं पन्नास लिहायला गेला, आणि थांबला. तिनं एकावन्न लिहिलं.

समोर ती बाटली तशीच उभी होती. सहाव्या रेघेच्या खाली औषध अजून अर्ध्याहून जास्त होतं.

तिसरी चिठ्ठी आली. सात, दूध. साडेसात, थेंब पाच. आठ, उलटी. अक्षर छापल्यासारखं पडत होतं. थेंब बंद. दुपारी चार, बरी. मग शेवटची ओळ राहिली. ती लेकीनं स्वतःपुरती लिहिली होती, उतरवली नसती तरी चाललं असतं.

'आईला सांगितलं नाही,' चिठ्ठीबाईनं लिहिलं. शाई वाळेपर्यंत चिठ्ठी हातात धरली, आणि चौथी पुढे ओढली.